जन्मभूमी, कर्मभूमी आणि जीप

पाथरीत 'मूळ' हा शब्द जपून वापरावा. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला शंभर कोटी जाहीर केले आणि तिकडे शिर्डी बंद झाली. बाबांनी स्वतः आपलं गाव कधी सांगितलं नाही, असं शिर्डी म्हणते. भांडण मात्र दोन्ही गावांनी मन लावून केलं. आता त्याच पाथरीत, आमच्या पाहुण्यांच्या गोठ्यात उभ्या असलेल्या एका जीपच्या मूळपणावरून घर दुभंगलंय.

जीप महिंद्राची, उंच बोनेटची, १९७२ सालची. (बहात्तरच्या दुष्काळात नवी जीप कशी घेतली, हे मराठवाड्यात कुणाला विचारायचं नसतं.) आली तेव्हा तिच्या पोटात पेट्रोल इंजिन होतं. पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेलाचे भाव भडकवले आणि जीप सणावारालाच बाहेर निघू लागली. ऐंशीच्या दशकात मिस्त्रीने तिला प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलं. मूळचं भंगारवाल्याच्या काट्यावर गेलं. त्या डिझेलवर तिने कापूस ओढला, मानवत रोडला पाहुण्यांना रेल्वे गाठून दिली, काळी-पिवळीलाही लाजवेल इतकी माणसं कोंबली, चार निवडणुका लढवल्या. उमेदवार पडले, जीप पडली नाही.

आता संभाजीनगरचे जावई म्हणतात, पेट्रोल इंजिन हुडकून आणा, गाडी ओरिजनल करा. त्यांना 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट हवीय. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षं उलटलेल्या, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीला वीस हजार भरले की ती मिळते. मग गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, दुरुस्तीला किंवा तेल भरायला. थोडक्यात, पंपावर जाता येतं, आजीला परभणीच्या दवाखान्यात नेता येत नाही. ही जीप नव्हे, डांबरगोळ्या टाकून ठेवलेली पैठणी.

पुण्याचा नातू दुसऱ्या टोकाला. त्याला कॉमनरेल टर्बो डिझेल, पॉवर स्टिअरिंग आणि एसी हवाय. उघड्या जीपला एसी! पुढे शंभरावर घोडे जुंपायचे, खाली तेच कमानपाटे, आणि थांबवायचं जुन्या ड्रम ब्रेकच्या भरवशावर. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालणार नाही. आमच्या जीपच्या आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय, ते मी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही.

पण मूळपणाचा एवढा कैवार घ्यायचा तर महिंद्राने तरी काय केलं? अमेरिकेच्या विलीजची जीप मुंबईत बनवली आणि पुढे एमएम ५४० मध्ये स्वतःच प्यूजोचं फ्रेंच डिझेल बसवून विकली. अँबेसिडरने नव्वदीत जपानी इसुझू पोटात घातलं, तरी ती सरकारी पोर्चमध्येच उभी राहिली. कंपनीने केलं की नवं मॉडेल, पाथरीच्या मिस्त्रीने केलं की फेरफार.

मला विचाराल तर ते प्यूजोच राहू द्यावं. जीपचं घराणं विलीजच्या टोलेडोचं, जन्म मुंबईचा, पण चाळीस वर्षांची कर्मभूमी त्या ठोठावणाऱ्या डिझेलचीच आहे. तिचा आवाज ऐकून गल्लीतली म्हातारी आजही ओट्यावरून पाय आत घेते. पण मला विचारलंय कुणी?

शेवटी दोन्ही पक्षांनी मिस्त्रीला बोलावलं. त्याने दोघांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, बोनेट उघडलं, आत डोकावला.

"तुमचं ओरिजनल ठरू द्या निवांत, मालक," तो म्हणाला. "तवर हिची बॅटरी खोलून नेऊ का? ट्रॅक्टर स्टार्ट होईना गेलंय."