तोंडातला राग, पोटातला राग

"समोरच्या दोघी जावा बोलत नाहीत, दिसलं का?" कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवत मावशींनी विचारलं.

न दिसायला काय झालं? सकाळीच धाकटी पोराला खणखणीत आवाजात सांगत होती, "मोठ्या मम्मीला सांग, नळ आला." मोठी चार पावलांवर बादली घेऊन उभी. पोरगं एकदा इकडे बघतं, एकदा तिकडे बघतं. निरोप तर त्याच्या आधीच पोचलेला.

"एवढा कसला राग आलाय?" मी म्हटलं.

"राग नही शे हाऊ, माय. अबोला शे." मावशी रंगात आल्या की अहिराणीत शिरतात, मग माझ्यासाठी परत मराठीत येतात. "राग असता तर भांडी वाजली असती, पोराच्या पाठीत धपाटा बसला असता आणि दुपारी एकीनं दुसरीला चहा दिला असता. अबोला महिनोन् महिने चालतो. त्याला खर्च नाही ना काही!"

मावशींच्या मताला वजन आहे. त्यांची निम्मी हयात पथारीवर मिरचीची देठं खुडण्यात गेली. नंदुरबारचा मिरचीबाजार राज्यातल्या मोठ्या बाजारांत मोजला जातो. थंडीच्या दिवसांत ओली लाल मिरची येते, व्यापारी ती गावाबाहेर मोकळ्या जागेवर, म्हणजे पथारीवर, वाळत घालतात, आणि बाया ओळीनं बसून देठं काढतात. वारा फिरला की आमच्या गल्लीत ठसके सुरू. तिथं दिवसभर बसलेल्या बाईला चुकून डोळा चोळायचीही सोय नसते. हाताची आग पाण्यानं धुऊन जात नाही, तेल चोळावं लागतं. मिरचीतला तिखट अंश तेलात विरघळतो, पाण्यात नाही. मावशींना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, बोटांनी शिकवलं.

म्हणून 'मिरच्या झोंबल्या' हे त्या फार जपून बोलतात. खरं बोललेलं लागलं तरच मिरच्या झोंबल्या म्हणायचं. खोटा आळ आला तर तळपायाची आग मस्तकात जाते. दुसऱ्याचं बरं झालेलं बघून होतो तो जळफळाट. "समोरच्या मोठीनं फ्रिज घेतला तेव्हा धाकटीला झाला तो," मावशींनी आवाज उतरवला. आता कळलं अबोल्याचं मूळ.

मिरची मुळात आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. त्याआधी आपल्या पूर्वजांना काय झोंबत असेल? मिरी असणार. कुणाच्या डोक्यावर मिरे वाटायची आपली हौस तेवढी शिल्लक राहिली.

मागच्या गल्लीतले आजोबा भाजीत मीठ कमी पडलं की ताट सारून उपाशी झोपतात. "हा त्रागा," मावशी म्हणाल्या. म्हणजे राग सुनेवर, उपास स्वतःला. या शब्दाची जुनी गोष्ट मात्र अंगावर काटा आणणारी आहे. गुजरात-काठेवाडात चारण-भाट लोक व्यवहाराला जामीन राहायचे. कुणी शब्द मोडला तर त्याच्या दारात जाऊन स्वतःच्या अंगावर घाव घालून घ्यायचे, म्हणजे पाप त्याच्या माथी. त्याला त्रागा म्हणत. एवढा रक्तबंबाळ शब्द आपण मिठावर आणून ठेवला.

गुजरात आम्हाला काही लांब नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. पलीकडच्या बंगल्यातली सून गुजराती. तिचं बिनसलं की तिची सासू सांगते, "रिसाई गई छे." आमच्याकडे रुसली. रुसायला समजूत काढणारं माणूस घरात लागतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. परक्यावर कुणी रुसत नाही. बँकेतल्या कारकुनावर रुसून दाखवा बघू!

आणि चांगला राग? आहे की. ९ सप्टेंबर १९४२ ला याच गावात शिरीषकुमार मेहता झेंडा घेऊन मिरवणुकीत निघाला. पोरसवदा वय, तोंडी गुजराती घोषणा. पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि त्याचे चार साथीदार गेले. त्या पोरांना राग आला होता असं इथं कुणी म्हणत नाही. तो त्वेष. हा शब्द मावशी फ्रिजच्या भांडणाला लावू देत नाहीत.

मी त्यांना साताऱ्याकडचा बोरीचा बार सांगितला. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया काठावर जमतात आणि हातवारे करून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. वाजतगाजत येतात, शिव्या देतात, घरी जातात. मावशी खूष. "म्हणजे वर्षाचा निचरा! आपल्या गल्लीत एक ओढा पाहिजे होता."

ओढा नाही, म्हणून आमच्याकडे साठतं. साठलं की शब्द बदलतात. आधी धुसफूस, मग आकस, मग कुणीतरी कुणावर खार खाऊन असतो, आणि शेवटी डूख. डूख धरावा नागानं. माणसानं धरला की दोन भावांच्या मधला बांध कोर्टात जातो आणि नातवंडं तारखा करतात.

पेपरातला राग तर वेगळ्याच जातीचा. पुढारी कधी रागावत नाहीत, ते 'नाराज' असतात. तिकीट मिळालं की नाराजी दूर होते. निवडणूक संपली की 'आमच्यात कोणतीही कटुता नाही' म्हणून दोघं हार घालून फोटो काढतात. कटुता हा शब्द तुम्ही कधी 'आहे'च्या जोडीनं ऐकलाय? तो 'नाही' म्हणण्यापुरताच बाहेर येतो. बाकी वेळ आपण साधं कडू म्हणतो, तेही कारल्याला.

"समोरची धाकटी काल मला तेच म्हणाली," मावशी भिंतीवरून कोपर काढत बोलल्या. "'माझ्या मनात काही नाही हो मावशी.' तीनदा म्हणाली."

मावशींचा सल्ला तुम्हालाही देऊन ठेवते. आदळआपट करणाऱ्या शेजारणीकडून खुशाल वाटीभर साखर मागा. 'माझ्या मनात काही नाही' असं न विचारता सांगणारीकडून विरजणसुद्धा घेऊ नका.