करंगळी सात टक्के

कारखान्यात जखमी व्हायचं तर आधी थोडा अभ्यास करावा. आपल्याकडे लोक तयारी न करताच पॉवर प्रेसखाली हात घालतात आणि मग कामगार न्यायालयात तारखा मोजत बसतात.

1923 च्या भरपाई कायद्यात अवयवांचं दरपत्रकच होतं. अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिनंही बोटांचे दर तेच ठेवले. समजा, भोसरीतला 25 वर्षांचा पोरगा आहे, पगार 22 हजार. कायदा म्हणतो, आम्ही 15 हजारच धरणार. 2020 आधी तर 8 हजारच धरत होते. 15 हजारांचे 60 टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा 216.91, त्याचे 7 टक्के. झाले 1 लाख 36 हजार 653 रुपये. अनामिकेचाही हाच भाव, अंगठी घालणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.

आता प्रेसच्या सुरक्षा गार्डचं बघू. सेन्सर चालू ठेवला की स्ट्रोक कमी पडतात, टार्गेट हुकतं, म्हणून सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत तो बंद होतो. बोट गेलं की कंपनीला एकदम सुरक्षा आठवते: कामगारानं संरक्षक साधन मुद्दाम काढलं! तसं सिद्ध झालं तर मालक सुटतो. कामगार मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तरच हा बचाव चालत नाही. म्हणजे गार्डशिवाय काम करायचंच असेल, तर एका बोटावर भागवू नका.

बोट शाबूत असेपर्यंत कामगार कंपनीचा ‘आपला माणूस’ असतो, तुटलं की ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, हा तर कालच आला. अशा वेळी कायदा मूळ मालकालाच धरतो, पण आधी पोरगा तिथे कामाला होता हे दाखवावं लागतं आणि हजेरीपट नेमका त्याच आठवड्यात बाइंडिंगला गेलेला असतो.

एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर गेला, तेव्हा मालक दरपत्रक घेऊन भांडला. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के, हे मालकाला पटवायला सर्वोच्च न्यायालय लागलं, 1975 साली. रंधा कसा धरतात, हे कुणीतरी आधीच दाखवायला हवं होतं.

अपघाताची जागाही विचार करून निवडावी. सौराष्ट्रातले मिठागर कामगार खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले. ते कामावर नव्हते, असा निकाल 1958 मध्ये लागला. मुंबईत बेस्टचा ड्रायव्हर ड्युटी संपवून बेस्टच्याच बसनं घरी जाताना दगावला. तो मात्र कामावरच होता, असं 1963 मध्ये ठरलं. तेव्हा शक्यतो बस पकडावी.

धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या रखवालदाराजवळ मोटरसायकल होती. एप्रिल 2003 मध्ये पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं, आई. आयुक्तांनी 3 लाख 26 हजार 140 रुपये मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली. अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच करता येतं, त्यामुळे त्या पाच किलोमीटरांचा महत्त्वाचा प्रश्न झाला. उच्च न्यायालयानं भरपाई रद्द केली. अखेर जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती परत दिली. त्या वेळी तो माणूस कामासाठीच निघाला होता, हे ठरायला बावीस वर्षं गेली. तीनच्या पाळीला घरातून किती वाजता उठावं लागतं, हे त्याच्या बायकोला कुणी विचारलं असतं तर निकाल चहा होईपर्यंत लागला असता.

रात्रपाळीवाल्यांनी मात्र अजूनही शक्यतो गेटच्या आत येऊन, कार्ड पंच करून, मगच पडावं.