सहा रुमाल

एस.टी. फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. खरं तर आपणही कधी ना कधी टाकलेला आहे. पण पुढे ऐसपैस जागा मिळाली, तर माणूस मागचा रुमाल उचलून खिशात घालतो. निदान घाम पुसायला तरी. माझ्या भाच्याने, पिंट्याने, नऊ जागांवर रुमाल टाकले, एका जागेवर मांडी ठोकून बसला आणि बाकीचे तसेच पडू दिले. गाडी अमेरिकेला जाणारी होती, एवढाच फरक.

पिंट्या पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि डिसेंबरात त्याने पीएच.डी.साठी तिकडच्या नऊ विद्यापीठांकडे अर्ज केले. (त्याला ‘ग्रॅड स्कूल’ म्हणतात हे कळल्यावर त्याची आजी म्हणाली, “एवढं शिकून पुन्हा शाळेत?”) तीन स्वप्नातली, तीन आवाक्यातली आणि तीन ‘सेफ’. बहुतेकांची फी साठ ते शंभर डॉलर, आणि ती काही परत मिळत नाही. भाऊजींच्या क्रेडिट कार्डावरून साठेक हजार गेले. शिवाय तिघा प्राध्यापकांची शिफारसपत्रं. एक सर म्हणाले, “मसुदा तूच आण, मी पाठवतो.” पिंट्याने स्वतःबद्दल असं काही लिहिलं, की सर वाचून म्हणाले, “कोण आहे हा? भेटव मला एकदा.”

मार्चअखेरीस हिशेब असा होता: दोन नकार, तीन होकार, चौघे गप्प. विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसनला बोलावलं. फी माफ, वर पोरांना प्रयोगशाळेत शिकवायचं विद्यावेतन. पिंट्याने ती जागा घेतली. पेढे वाटले. तिथलं मेंडोटा तळं हिवाळ्यात गोठतं आणि लोक त्यावरून चालत जातात, हे ताईने सोसायटीतल्या प्रत्येक मजल्यावर सांगितलं.

“मग बाकीच्यांना कळवलंस ना?” मी विचारलं.

“कळवू रे मामा. 15 एप्रिलपर्यंत वेळ आहे.”

ही तारीख त्याने हवेतून काढलेली नव्हती. तिकडे ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ म्हणून संघटना आहे. विद्यावेतनासह प्रवेश देऊ केला, तर 15 एप्रिलच्या आत उत्तर द्यायची सक्ती उमेदवारावर करायची नाही, असा तिचा ठराव आहे आणि बऱ्याच विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्या आहेत. ज्याचं ठरत नाही त्याला श्वास घ्यायला मिळावा म्हणून ही सोय. पिंट्याचं ठरून पेढेही संपले होते. पण वीजबिल शेवटच्या तारखेलाच भरणाऱ्या बापाचा तो मुलगा.

वास्तविक काम दहा मिनिटांचं. ज्या दोघांनी जागा देऊ केली होती त्यांना ‘येत नाही’ म्हणायचं, आणि जे चौघे अजून गप्प होते त्यांच्याकडचा अर्ज मागे घ्यायचा. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर त्याची सोय असते, नसली तर दोन ओळींची मेल पुरते. पण घरात यावर परिषद भरली.

भाऊजी म्हणाले, “राहू दे की! काही खायला मागतायत का तुझ्याकडे? पैसे भरलेत आपण.” ताईचा मुद्दा वेगळा होता. आत्ता ‘तीन ठिकाणी झालं’ असं सांगता येत होतं. गप्प बसलेल्यांपैकी दोघे जरी हो म्हणाले, तरी भिशीत पाच सांगता आले असते. आणि पिंट्याचं खरं दुखणं त्याने मला गच्चीत सांगितलं. “मामा, त्या स्वप्नातल्यांपैकी एकाचं अजून यायचंय. त्यांनी मला घेतलं असतं का, एवढंच बघायचंय. मागे घेतलं तर कधीच कळणार नाही ना.”

लग्न ठरल्यावरही जुन्या स्थळाकडून पसंतीचं पत्र येईल म्हणून पोस्टमनची वाट पाहणारा नवरदेव मी प्रथमच पाहत होतो.

तसं पाहिलं तर आमच्या घराण्यात नकार द्यायची एकच पद्धत आहे, ती म्हणजे पत्रिका जुळत नाही. ताईच्या वेळी सात स्थळांना हेच कळवलं. त्यातल्या चौघांची पत्रिका आम्ही मागवलीच नव्हती. आता रसायनशास्त्र विभागाला हे कसं कळवणार? पिंट्याने मग एक पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं. दीड पान होतं. त्यात विभागाचा इतिहास होता, कृतज्ञता तीनदा होती, दोनदा क्षमा होती, आणि येत नाही हे वाक्य कुठेच नव्हतं. शेवटी ‘भविष्यात योग आल्यास’ असं काहीसं होतं. हे वाचून त्यांनी बहुधा त्याच्यासाठी खोली बघायला घेतली असती.

“अरे, सरळ लिही ना.”

“त्या प्रोफेसरांशी मी चाळीस मिनिटं व्हिडिओवर बोललोय, मामा. ‘आय अ‍ॅम व्हेरी एक्सायटेड’ म्हणालोय. उद्या अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात समोर आले तर? वर्षातून दोनदा भरतं ते.”

सुटका झाली ती सांगलीच्या एका मुलीमुळे. त्याच्याच वर्गातली. ज्या दोन जागा पिंट्याने नुसत्या धरून ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीच्या प्रतीक्षायादीवर ती होती. एके दिवशी कँटीनमध्ये तिने विचारलं, “तू तिथे जाणारेस का?”

“नाही, माझं मॅडिसन फायनल आहे.”

“कळवलंस त्यांना?”

“बघू.”

“बघू काय? बसायचं नाही तर ऊठ ना.”

एवढं बोलून ती चहा न घेता गेली. पिंट्या दोन दिवस घुम्यासारखा वावरला. भाऊजींच्या व्याख्यानांनी जे होत नाही ते अशा चार शब्दांनी होतं, हा माझा जुना अनुभव आहे.

तरीही त्याने 15 एप्रिल उजाडू दिला, मावळूही दिला. कारण तिकडे अजून 15च होती! मॅडिसनच्या बाजूची मध्यरात्र म्हणजे आपली 16 तारखेची सकाळ, साडेदहा. पश्चिम किनाऱ्याची तर साडेबारा. 16ला सकाळी नऊ वाजता आंघोळ करून, देवाला नमस्कार करून तो लॅपटॉपसमोर बसला. एका ठिकाणी कारण विचारलं होतं आणि पर्याय दिले होते. पिंट्याने ‘इतर’ निवडलं आणि खालच्या चौकटीत लिहायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. पुढे ‘खात्री आहे का? हे नंतर बदलता येणार नाही’ असं आलं. त्याने वडिलांना हाक मारली. भाऊजी दाढीचा फेस घेऊन आले, वाचलं, म्हणाले, “फी परत देतायत का विचार.”

सहाही उचलले. उत्तरं आली ती दोन-दोन ओळींची: कळवल्याबद्दल आभार, शुभेच्छा. चाळीस मिनिटांवाले प्रोफेसरही तेवढ्यातच आटपले. पिंट्याला ते फार लागलं. “एकानेही विचारलं नाही रे, का म्हणून!” सांगलीच्या मुलीला महिनाअखेरीस जागा मिळाली, पण तिसऱ्याच विद्यापीठात. चहा मात्र तिने पिंट्याकडून वसूल केला.

मला वाटलं, संपलं. मेमध्ये रात्री अकराला पिंट्याचा फोन. आवाज कापत होता. मागे घेतलेल्या चारपैकी एका विद्यापीठाने त्याला मेल पाठवली होती: यंदा अर्ज फार आले, खेद वाटतो, आपल्याला प्रवेश देता येत नाही.

“मामा, मी 16 एप्रिललाच मागे घेतला होता! माझ्याकडे वेळेसकट पुरावा आहे. आधी मी नाही म्हटलंय!”

“बरं मग?”

“उत्तर लिहितोय. दोन ओळींचंच. ‘आधी मी’ हे इंग्रजीत जरा ठसक्यात कसं म्हणतात, सांग ना.”