कधीमधी चालू न होणारी जुनी गाडी : निदानाची पद्धत

वापरलेली मोटार कायमची बंद पडली तर निदान सोपे असते. ती कधी चालू होते आणि कधी होत नाही, तेव्हा मात्र तो शास्त्राचा विषय होतो. मेकॅनिक समोर आला की हा विकार नाहीसा होतो, हे त्याचे मुख्य लक्षण. ठाण्याच्या एमएच-०४ आणि कल्याणच्या एमएच-०५ या दोन्ही क्रमांकांच्या गाड्यांत तो सारखाच आढळतो. क्रमांकावरून भेद करू पाहणारे बहुधा ठाणेकर असतात.

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, पेन्सिलीने करावी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूध न आल्याची फुली जिथे पडते, तिथेच गाडीचीही फुली मारावी आणि शेजारी वेळ, इंजिन गार होते की गरम, पाऊस होता का, गाडी किती दिवस उभी होती आणि पेट्रोलचा काटा कुठे होता, एवढे लिहावे. ‘मागेही एकदा असंच झालं होतं’ ही नोंद नव्हे. चार-पाच फुल्या जमल्या की लहरी वाटणाऱ्या गाडीचेही वेळापत्रक दिसू लागते. बॉनेट उघडताच पार्किंगमध्ये जमणाऱ्या मंडळींची मते या नोंदीत घेऊ नयेत. पहिला बॅटरी बदलायला सांगतो, दुसरा प्लग, तिसरा गाडी विकायला. तिघेही केव्हा ना केव्हा बरोबर ठरतात.

यानंतर कान वापरावा. चावी फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ असा घाईचा आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन शांतता पसरली, तर संशय सेल्फवर, म्हणजे त्याच्या सोलेनॉइडवर किंवा झिजलेल्या कार्बनवर. अशा वेळी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, पान्याच्या दांड्याने सेल्फला हलकेच ठोकावे. गाडी चालू झाली तर निदान झाले, पण उपचार झाला असे मानू नये. काहीच आवाज नसेल तर इग्निशन स्विच, रिले किंवा क्लचखालचा स्विच तपासावा. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, हा प्रकार अगदी वेगळा. तिथे बॅटरीची काही चूक नसते, तरी बदलली जाते तीच.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या गाडीचा आजार समजायला मालकाचा दिनक्रमही पाहावा लागतो. मालक रोज लोकलने जातो. गाडी सोमवार ते शनिवार सोसायटीत कव्हरखाली उभी असते. रविवारी ती डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरून निघून फडके रोडपर्यंत जाते, तिथे उभी करायला जागा मिळत नाही म्हणून घरी परतते. गाडी फिरवून आणल्याचे समाधान मालकाला लाभते. बॅटरीचा हिशोब मात्र तोट्यात जातो. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. बाजारातून बसवलेला अलार्म आणि म्युझिक सिस्टिम मिळून गाडी बंद असतानाही ५० मिलिअँपिअर खात असतील, तर आठवड्याला ८.४ अँपिअर-तास, म्हणजे जवळपास पाव बॅटरी, उभ्या-उभ्या संपते. एसी आणि गाणी लावून केलेल्या दहा मिनिटांच्या फेरीत ती तूट भरून येत नाही. म्हणूनच अशी गाडी रविवारी सकाळी अडते आणि संध्याकाळी गुपचूप चालू होते.

मल्टिमीटर असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर व्होल्टेज मोजावे. १२.६ म्हणजे प्रकृती उत्तम, १२.२ म्हणजे साठा निम्मा. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या बराच खाली गेला तर बॅटरी म्हातारी झाली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवे; न दिसल्यास दोष अल्टरनेटरकडे, आणि नवी बॅटरी आणली तरी तीही जुनीच्याच वाटेने जाईल.

नवी बॅटरी घेण्यापूर्वी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर पाहावा. आधी निगेटिव्ह वायर सोडवावी, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने थर घासावा, कोरडे करून वायर घट्ट बसवाव्यात, वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टीही तपासावी. वरून ती धडधाकट दिसते आणि आतून गंजते. कोणाचेच लक्ष तिच्याकडे जात नसल्याने कित्येक गाड्यांत सेल्फ, बॅटरी आणि स्विच बदलून झाल्यावर शेवटी तिचा नंबर लागतो.

गरम असतानाच अडणाऱ्या गाडीची परीक्षा सीएनजी पंपावर होते. लांब रांगेत पुढे सरकत इंजिन तापलेले असते. नियमाप्रमाणे ते बंद करून प्रवाशांना खाली उतरवले जाते. बाहेरून किट बसवलेल्या अनेक जुन्या गाड्यांत गॅस भरण्याचे तोंड बॉनेटखाली असते. भरून झाले, बॉनेट धाडकन बंद झाले, मंडळी आत बसली, चावी फिरली, आणि इंजिन गप्प. मागच्या रिक्षांचे हॉर्न हा निदानाचा भाग नव्हे. सेल्फ फिरत असूनही इंजिन पेटत नसेल आणि अर्ध्या तासाने गार झाल्यावर आपोआप चालू होत असेल, तर क्रँक पोझिशन सेन्सर हा पहिला संशयित. दुसरा पेट्रोल पंप. सिक्वेन्शिअल किटची गाडी आधी पेट्रोलवर चालू होते आणि मग गॅसवर जाते. पण पेट्रोल भरायचेच कशाला, या काटकसरीने टाकी कोरडीठाक ठेवलेली असते. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. कोरडा राहिला की जळतो. चावी ‘ऑन’वर नेल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घूं असा आवाज यायला हवा. न आल्यास आधी फ्यूज आणि रिले पाहावेत.

रिक्षावाले पंपावर धक्का देतात, त्यालाही परीक्षेचे मूल्य आहे. दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्याने गाडी पेटली तर इंधन आणि स्पार्क ठीक, दोष बॅटरी किंवा सेल्फकडचा. बॅटरी पार मेलेली असल्यास इंजेक्शनची गाडी धक्क्यानेही पेटत नाही, कारण पंप आणि संगणकालाही वीज लागते.

फक्त पावसाळ्यात अडणारी गाडी पुराची असू शकते. २६ जुलै २००५ चे पाणी पाहिलेल्या गाड्या आता बहुतेक भंगारात गेल्या, पण खाडी आणि उल्हास नदीच्या काठच्या तळमजल्यांवर पाणी नंतरही शिरत आले आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. टोकाशी वाळलेल्या चिखलाची रेघ दिसली, सीटखालचे स्क्रू गंजलेले निघाले आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवी बुरशी आढळली, तर विक्रेत्याने दिलेले नवे सीटकव्हर कशासाठी होते ते कळते. असे वायरिंग एकेक जोड करून दुरुस्त होते, आणि प्रत्येक जोड आपल्या सवडीने बिघडतो.

डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत असल्यास इमोबिलायझर चावीतली चिप ओळखत नाही. दुसरी चावी लावून पाहावी. ती ‘घरी कुठेतरी आहे, शोधून देतो’ असे सांगून विक्रेत्याने अजून दिलेली नसते.

सगळ्या परीक्षा करूनही विकार हाती न लागल्यास मालक गाडी विकायला काढतो. ग्राहक येण्याआधी तो ती घोडबंदर रोडवर चांगली फिरवून आणतो, म्हणून घेणाऱ्याने आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर किमतीची बोलणी न करता दुसऱ्या दिवशी सकाळी, न कळवता यावे. चहा घेऊन थोड्या वेळाने परतणे पुरेसे नाही. एका चहात इंजिन गार होत नाही.