कारण : वरपक्ष

आमच्या घराण्यात लेखक एकच, आणि तो मी. त्यामुळे तात्यांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या आयुष्यावर एक पुस्तिका काढायची असं ठरलं, तेव्हा मला कुणी विचारायच्या आतच मी हो म्हणून टाकलं. बाकीच्यांच्या मनात माझा चुलतभाऊ होता. त्याचा फ्लेक्सचा धंदा आहे आणि मजकूर त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच असतो. फक्त नाव आणि फोटो बदलायचा.

मराठी माणूस वारला की एका रात्रीत शिस्तप्रिय, मनमिळाऊ, निर्व्यसनी आणि प्रेमळ होतो. तात्या शिस्तप्रिय होते, यात वाद नाही. निर्व्यसनी म्हणावं तर तपकीर होती. मनमिळाऊपणाबद्दल त्यांच्या तिन्ही व्याह्यांना विचारावं. मला हे असलं ठोकळेबाज काही नको होतं. मला चरित्र लिहायचं होतं, साधार. आणि खरं सांगायचं तर त्या चरित्रात 'तात्यांचा सर्वांत लाडका नातू' असं एक पात्र मधूनमधून डोकावेल, अशीही माझी योजना होती.

आधार होता. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं, आणि आमच्या कुर्डुवाडीच्या घरातल्या खिळ्याला ते त्याच वर्षी लागलं. वर्ष संपलं की तात्या ते गुंडाळून सुतळीने बांधायचे आणि माळ्यावर टाकायचे. इतर घरांत कालनिर्णयावर दूध आणि गॅस लिहितात. तात्याही लिहायचे, पण तात्या रेल्वेत गार्ड होते. गाडी कुठल्या स्टेशनात कधी आली, कधी सुटली, किती मिनिटं उशीर झाला आणि का झाला, हे गार्डाला वहीत लिहावं लागायचं. तात्यांनी ही वही घरच्या भिंतीवर आणली.

आत्याच्या लग्नाच्या तारखेला लाल चौकोनात निळ्या शाईने लिहिलंय : 'मुहूर्त ११.५२. अक्षता ११.५८. उशीर ६ मि. कारण : वरपक्ष.' मधल्या काकांच्या चौकोनात : 'एस.एस.सी. निकाल. उशीर १ वर्ष. कारण : गणित.' दूधवाला, पेपरवाला, जावई, मान्सून, सगळे एकाच मापाने मोजलेले. एका दिवाळीत पाडव्याच्या ओवाळणीलासुद्धा ४ मिनिटं उशीर आहे आणि कारण 'निरांजन' आहे.

आता बार्शी लाइटबद्दल. ज्यांना घाई आहे त्यांनी इथून दोन परिच्छेद पुढे जावं. घाईच्या माणसांचं आणि त्या गाडीचं तसंही कधी जमलं नाही. रुळांमधलं अंतर अडीच फूट. कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी १८९७ साली सुरू झाली. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला. १९५४ साली सरकारने ती विकत घेईपर्यंत मालकी लंडनच्या कंपनीची. तात्या कंपनीच्या काळात चिकटले, त्यामुळे घरात एखादी वस्तू टिकली की ते 'कंपनीच्या वेळची आहे' म्हणायचे. माझ्या आजीबद्दल, माईबद्दलही म्हणायचे. चालत्या गाडीतून उतरलो, शेतातला हरभरा उपटला आणि मागच्या डब्यात चढलो, ही गोष्ट आमच्या भागातला प्रत्येक म्हातारा स्वतःच्या नावावर सांगतो. तात्यांना तिचा भयंकर राग. "सगळ्यात मागच्या डब्यात मी असायचो," ते म्हणायचे. "हरभरा घेऊन आलेला मला एकही आठवत नाही."

ही गाडी ज्याच्या डोक्यातून निघाली तो इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याचं तत्त्व. मग रूळ हलके, पूल हलके आणि खर्चही हलका. असं हिशेबी डोकं एका जागी थांबत नाही. त्याने अरबी घोडे पाळले, घोड्यांवर पुस्तक लिहिलं आणि शेवटी चक्क पॅराशूट बनवलं. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉईसमधलाच रोल्स, १९१० साली विमान कोसळून गेला. विमानातून माणूस जिवंत खाली कसा उतरवायचा, हा ध्यास कॅलथ्रॉपने तिथून घेतला. पॅराशूटचं नाव 'गार्डियन एंजल'. हे सगळं वाचून, पाठ करून मी सुट्टीत तात्यांपुढे म्हणून दाखवलं. अपेक्षा अर्थातच शाबासकीची. तात्यांनी तपकिरीची डबी मिटली आणि म्हणाले, "नावात गार्ड आहे ना? मग उघडलं असणार वेळेवर."

तर कालनिर्णयं. मी माळ्यावर चढलो तो तात्यांसाठी, पण सुतळी सोडल्याबरोबर पहिलं शोधलं ते स्वतःला. १९७४ मध्ये सापडलो. 'नातू. ०४.१०. ९ दिवस वेळेआधी. कारण : कळले नाही.' मी तो गठ्ठा तसाच खाली आणला आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला. अख्ख्या खानदानात वेळेआधी आलेली एकमेव नोंद! बायको म्हणाली, पुढचंही वाचा. पुढचं फारसं वाचण्यासारखं नव्हतं. शाळा, दाखले, नोकरी, सगळीकडे मी उशिरा, आणि कारणाच्या जागी बहुतेक वेळा 'स्वभाव'.

मग तो दिवस आला ज्यासाठी मी खरा माळ्यावर चढलो होतो. दिवाळी अंकात माझी पहिली कथा छापून आली, अंक मी स्वतः तात्यांच्या हातात दिला, तो दिवस. नोंद अशी : 'नातवाची गोष्ट आली. वाचली. नळ ०५.४०. उशीर २० मि.' त्या 'वाचली'पुढच्या पूर्णविरामाकडे मी फार वेळ पाहत बसलो. अभिप्राय नाही, पण दोषही नाही. शिवाय तात्यांनी ती नळाच्या आधी लिहिली. आमच्या गावात पाण्याच्या आधी कुठलीही गोष्ट लिहिणं म्हणजे काय, हे समीक्षकांना कळणार नाही.

चरित्राचा कच्चा मजकूर काकांकडे गेला. पहिल्या पानावर त्यांच्या आग्रहाने एक वाक्य होतं : 'लाखो वारकऱ्यांना विठुरायाच्या दारी पोचवणारा सेवाव्रती.' वाक्य खोटं नव्हतं. आषाढीला बार्शी लाइटला जादा गाड्या सुटायच्या, डबे भरले की माणसं टपावर बसायची, आणि त्या दिवसांत तात्या घरी दिसायचे ते डबा न्यायला. हेच वाक्य नोंदींनी सजवावं म्हणून मी सगळ्या वर्षांचे आषाढी एकादशीचे चौकोन काढून बसलो.

१९७३ : 'हिचे पंढरपूर राहिले. कारण : ड्यूटी.' १९७४ : तेच. १९७५ : तेच. १९८६ साली तात्या निवृत्त झाले आणि कारणं बदलली. 'पाऊस.' 'नातवंडांची शाळा.' 'पाहुणे.' नंतर तीन-चार वर्षं 'गुडघे'. माईला एरवी पंढरपूर घडलं होतं, पण तिला आषाढी हवी होती. तात्यांना ते ठाऊक होतं, कारण तेच ते दरवर्षी स्वतःच्या हाताने लिहीत होते. कुर्डुवाडीहून पंढरपूर आहे पन्नास-बावन्न किलोमीटर.

माई ९८ च्या हिवाळ्यात गेली. त्यानंतरच्या आषाढीला तात्यांनी लिहिलंय : 'हिचे पंढरपूर राहिले. कारण : मी.'

मला तात्यांचा राग आला, अजूनही येतो. घरातल्या सगळ्यांच्या वेळा या माणसाने पाळायला लावल्या. कोण कधी जेवणार, कोण कुठे जाणार, रेडिओ किती वाजता बंद होणार, सगळं त्यांच्या शिट्टीवर. एका बाईला बावन्न किलोमीटर नेणं मात्र त्यांच्या वेळापत्रकात पंचवीस वर्षं बसलं नाही. आणि तरी, हयातभर वरपक्ष, गणित, निरांजन आणि माझा स्वभाव यांच्यावर उशीर लावणाऱ्या माणसाने त्या चौकोनात दुसरं काहीही लिहिलं असतं तरी कुणी तपासणार नव्हतं. माझ्या मते चरित्रात छापण्याजोगी नोंद हीच होती.

काका म्हणाले, "ते शेवटचं काढ. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, तात्यांनीच लिहिलंय. काका म्हणाले, "तात्यांनी भिंतीवर लिहिलं. तू छापणार." आत्या काही बोलली नाही, फक्त ते पान मागून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. शेवटी पुस्तिका चुलतभावाने काढली. शिस्तप्रिय, मनमिळाऊ, निर्व्यसनी, प्रेमळ. फोटोत तात्यांच्या मागे हिमालय आहे. लेखक म्हणून माझं नाव शेवटच्या पानावर 'विशेष सहकार्य'मध्ये, मंडपवाल्यानंतर.

ते असो. गठ्ठ्यात २००१ चं कालनिर्णय नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात माझं लग्न झालं. मुहूर्त टळला हे दोन्ही घरांना मान्य आहे. कुणामुळे टळला, यावर आमच्या घरात आजवर एकमत झालेलं नाही. वरपक्ष म्हणजे आम्ही, म्हणजे खुद्द तात्याही, आणि तरी त्यांनी मिनिटांसकट खरं तेच लिहिलं असणार, याची मला खात्री आहे. बायको म्हणते ते तिच्याकडे नाही. फारच पटकन म्हणाली. तेव्हा ज्या कुणा नातलगाने ते मागच्या बाजूच्या पाककृतींसाठी नेलं असेल, त्याने पाककृतींचे मोबाइलवर फोटो काढून घ्यावेत आणि मे महिन्याचं पान मला परत करावं. नोंद माझ्या विरुद्ध असेल तर घाई नाही.