आधी पाळा, मग मारा

कुंडीतली माती बदलताना किंवा कंपोस्टचा खड्डा उपसताना एखादी जाडजूड, पांढरट, अंगाचं मुटकुळं करून पडलेली अळी बाहेर आली, की आपल्याकडे एकमताने एकच नाव घेतलं जातं: हुमणी. पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. चप्पल, उकळतं पाणी, नाहीतर कुंपणावर ताटकळत बसलेला कावळा. इतक्या झटपट निकाली निघणारं दुसरं प्रकरण अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचं नाही. माझी हरकत शिक्षेला नाही, आरोपीची ओळख न पटवता ती दिली जाते याला आहे. भुंगेऱ्यांच्या जवळपास चार लाख जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. त्यातल्या हुमणीच्या गोतावळ्याचं बालपण पाहावं तर सगळ्यांचं सारखंच: मऊ पांढरं अंग, तपकिरी डोकं, पुढे सहा पाय, कुशीला श्वासाच्या छिद्रांचे तांबूस ठिपके आणि मागच्या टोकाला कातडीतून दिसणारं काळपट जेवण. जाणकारसुद्धा यांना तोंडावरून ओळखण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ते भिंग घेऊन ढुंगणावरच्या केसांची मांडणी तपासतात. ही तपासणी ज्यांना संकोचाची वाटते, त्यांच्यासाठी खात्रीचा मार्ग एकच उरतो. अळी डब्यात घालावी, पाळावी आणि मोठेपणी ती कोण होते ते बघावं.

‘हे जरा ऊसवाल्यासमोर बोलून दाखवा’ हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. वळवाचा पाऊस पडला, की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथेच लग्नं उरकतात आणि माद्या मातीत अंडी घालतात. पुढे पावसाळाभर अळ्या उसाची मुळं कुरतडतात. वरून पिवळा दिसणारा ऊस ओढला तर उपटून हातात येतो. त्या शेतकऱ्याने रात्री फांद्या हलवून भुंगेरे पाडावेत, रॉकेलच्या पाण्यात बुडवावेत, प्रकाशसापळे लावावेत. मी बॅटरी धरायला येईन. पण त्याचा पुरावा शेतातला आहे. आपला आरोपी सापडतो कुजक्या पाल्यात आणि शेणात, जिथे कुरतडायला जिवंत मुळंच नाहीत. तिथली अळी बहुधा कुजकं खाऊन त्याचं खत करणारी निघते, म्हणजे आपणच नेमलेली बिनपगारी नोकर. बहुधा म्हणतो, कारण हुमणीची पिल्लंही सुरुवातीला कुजकं खातात. त्यात कोकणातला गेंड्या भुंगा घोटाळा वाढवतो. त्याची अंगठ्याएवढी अळी उकिरड्यात निमूटपणे शेणखत खाते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मोठा झाल्यावर मात्र तो नारळाच्या शेंड्यात घुसतो आणि पुढे उलगडणारी झावळी कात्रीने कापल्यासारखी निघते. हुमणीचा गुन्हा बालपणीचा, गेंड्याचा प्रौढपणीचा. सरसकट कायदा इथे चालत नाही. एक झटपट कसोटी मात्र आहे. अळी सपाट फरशीवर ठेवा. सहा पाय असूनही ती उताणी होऊन, पाय आकाशाकडे करून पाठीवर सरपटू लागली, तर ती फुलांवर बसणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी आहे. फ्रान्समधल्या कीटकशास्त्रज्ञ फाब्रने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ही उताणी चाल तपशिलाने वर्णन करून ठेवली आहे. पाय असून पाठीवर चालणाऱ्या प्राण्याला निदान कुतूहलापोटी तरी जामीन मिळायला हवा.

दुसरा आक्षेप किळसेचा. तो घेणाऱ्यांपैकी बरेच जण डब्यात शेपटीवाले पांढरे उंदीर हौसेने पाळतात, तेव्हा तो सोडून देऊ. तिसरा आक्षेप वेळेचा, आणि इथे अळीची बाजू फारच भक्कम आहे. ती भुंकत नाही, फिरायला न्यावी लागत नाही, तिला लस लागत नाही. एका डब्यात एक अळी (दोन ठेवल्या तर एकमेकींना चावतात), झाकणाला बारीक छिद्रं, आत अर्धवट कुजलेला पाला आणि मुरलेलं शेणखत. ओल किती? मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. अळी उचलायची ती चमच्याने. वर गोळीएवढ्या लेंड्या फार दिसू लागल्या की खत बदलायचं, झालं. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन राहिलेल्या मुलासारखी ती महिनोन्‌महिने अंधारात खाते नि झोपते. फरक इतकाच, की हिचा निकाल नक्की लागतो. जपानमध्ये मुलं काबुतोमुशी नावाचा शिंगवाला भुंगेरा उन्हाळ्यात हौसेने पाळतात. तो आपल्या गेंड्याचा नात्यातलाच, आणि त्याच्या अळ्या तिथे दुकानात विकत मिळतात. आपण जे फुकट कावळ्याला घालतो, ते तिथला बाप पैसे मोजून घरी आणतो.

‘पण ती तर मातीत असते, दिसतच नाही, मग मजा कसली?’ हा शेवटचा आक्षेप खरा अवघड आहे. दिसत नाही हे कबूल, आणि बघण्यासाठी उकरायचंही नाही. पांढरी अळी पिवळसर पडली, खाणं थांबलं, की ती मातीची आणि आपल्याच लेंड्यांची कोठडी बांधून आत कोष होते. ‘झालं का?’ म्हणून ती फोडणाऱ्या अधीर माणसाच्या हाती पंख वाकडे झालेला भुंगेरा लागतो, त्यावरून ओळख पटणंही कठीण. कधी अळी मधेच मरते आणि अंगावर हिरवी बुरशी चढते. ही बहुधा मेटारायझियम, जी हुमणी मारायला शेतकरी मुद्दाम शेतात टाकतात. तोही एक निकालच. सगळं सुरळीत झालं तर झाकण उघडताच आरोपी पूर्ण पोशाखात समोर येतो. हुमणी निघाली तर रॉकेलचं पाणी तयार ठेवा. गेंड्या निघाला आणि दारात नारळ असेल तर तीच शिक्षा, शिवाय उकिरडा उलथून त्याची भावंडं शोधा. फुलांवरचा निघाला तर खिडकी उघडा. आणि डब्यावर ‘आत अळी आहे’ असं ठळक लिहा, नाहीतर इतकं छान खत पाहून घरातलं कुणीतरी त्यात मिरची लावेल.