चाकणच्या डोक्यावरून

नाशिक फाट्यावरच्या दुमजली उड्डाणपुलाला जेआरडी टाटांचं नाव आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून टपालाचं विमान मुंबईत उतरवलं. त्यांच्या पुलावरून खाली उतरलेला टेम्पो चाकणच्या तळेगाव चौकात कधी पोहोचेल, हे सांगताना मात्र गुगलचीही बोबडी वळते.

या कोंडीवर सरकारला २०१७ मध्ये उतारा सापडला होता. पुणे-नाशिक रस्ता रुंद करायचा म्हणजे मोजणी, मोबदला, मोर्चा. आकाशाचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही! म्हणून छोट्या शहरांच्या विमानांना अनुदान देणाऱ्या ‘उडान’ योजनेतून पुणे-नाशिक विमान निघालं. कंपनी कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन. २००३ मध्ये स्वस्त तिकिटं काढून तिनं भल्याभल्यांना घाम फोडला, पुढे ती मल्ल्यांच्या किंगफिशरमध्ये विरघळली आणि २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. तेच नाव झटकून पुन्हा हवेत सोडलं. विमान बीचक्राफ्ट, प्रवासी अठरा. आमच्याकडे एवढी माणसं तीन सहाआसनी रिक्षांत मावतात, ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसणारे वेगळेच.

चाकणच्या मॅनेजरसाहेबांनी या विमानानं नाशिकला जायचं कसं? आधी नाशिककडे पाठ करून लोहगावचा विमानतळ गाठायचा. तिथं तासभर आधी हजेरी, तपासणी. वर गेल्यावर डाव्या खिडकीतून आपल्याच कंपनीच्या दारातली ट्रकांची रांग पाहायची. उतरायचं ओझरला, म्हणजे नाशिकच्याही पुढे, आणि टॅक्सी करून पुन्हा मागे यायचं. अर्थात, विमान आलं तर. फेऱ्या कधी असत, कधी नसत. अनुदान फक्त उडालेल्या फेरीवर. विमान उभं राहिलं तरी खर्चाचा मीटर सुरूच. तिकडे कंपनीच्याच जळगाव, कोल्हापूरच्या विमानांची मुंबईत सोयीची वेळ मिळवतानाच दमछाक. पुणे-नाशिकची फेरी बंद पडली. एप्रिल २०२० मध्ये कंपनीनंही गाशा गुंडाळला, कर्मचारी बिनपगारी रजेवर गेले. टाळेबंदीमुळे त्याच महिन्यात चाकणचा रस्ता मोकळा होता, हा नशिबाचा विनोद.

पण सरकारची नजर अजून वरच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं नाशिक फाटा ते खेड असा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला, खर्च ७,८२७ कोटी. तो होईल तेव्हा होईल. सेकंड शिफ्टवाल्यांनी मात्र आज जेवण उरकून लवकर निघावं.